लांबच्या टोकाचं उत्तर

५ एप्रिल, रविवार

ग्रंथपाल बाईंनी आज सगळ्या कार्यकर्त्यांना एकेक वही वाटली. या उन्हाळ्यात सहा शनिवार संध्याकाळी आपल्याकडची जुनी गाणी व्हायची आहेत. धोबिणींची, नावाड्यांची, विटा थापणाऱ्यांची, जी जी माणसं अजून हयात आहेत त्यांच्या तोंडून. आम्ही जे पाहू-ऐकू ते वहीत लिहायचं आणि शेवटी वाचनालयात जमा करायचं. मी म्हटलं, "बाई, मी भोंगेवाली. माझ्या वहीत कुठली वायर कुठे खुपसली एवढंच निघेल." म्हणाल्या, "ताई, तेच हवंय मला." वयाने माझ्या निम्म्या आहेत, पण उत्साह असा की समोरच्याला धाप लागावी.

नवरा गेल्यापासून कर्णे आणि माइक भाड्याने द्यायचा धंदा मीच चालवते. लग्न असो की सभा, दुसऱ्याचा आवाज मोठा करायचा आणि आपण गप्प बसायचं. हे काम मला मानवतं. मी हो म्हणून मोकळी झाले आणि मग बाई म्हणाल्या, जागासुद्धा ठरली, जुना दोरखाना. एकदा हो म्हटल्यावर नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

घरी येऊन आईला सांगितलं. आई ब्याऐंशीची, माझ्याजवळच असते. लसूण सोलत होती. "अजून पाडला नाही का तो?" एवढंच म्हणाली आणि सोललेल्या पाकळ्या सालांच्या ढिगात टाकल्या. वय झालं तिचं.

८ एप्रिल, बुधवार

वायर किती लागेल ते मोजायला दोरखान्यात गेले. मोजायची खरं तर गरज नव्हती. दोनशे पावलं. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

वही उद्या कुणी वाचलीच तर त्याला कळावं म्हणून लिहिते. दोरखाना म्हणजे लांबच लांब, अरुंद शेड. एका टोकाला माणसाच्या उंचीचं लाकडी चाक. चाक फिरवलं की त्याला जोडलेले लोखंडी आकडे फिरतात आणि आकड्यांना बांधलेल्या तागाच्या दोऱ्यांना पीळ बसतो. दुसऱ्या टोकाचा माणूस त्या दोऱ्या ओढून धरून गाठ मारतो. मध्ये तागाची धूळ इतकी की चाकावरून लांबचं टोक दिसतच नाही. म्हणून गाणं. चाकावरची बाई म्हणायची,

"लांबच्या गड्या रे, दोर धरला का?"

आणि लांबचा गडी हात काढून घेऊन, बाजूला सरकून उत्तर द्यायचा,

"धरला गं बाई, हात माझे मोकळे, फिरव चाक, फिरव चाक."

उत्तर आलं की चाक फिरायचं. उत्तर नाही तर चाक नाही. रस्त्यावरून जाणाऱ्यांना ते नुसतं गाणं वाटायचं.

सेहेचाळीस वर्षांपूर्वी लांबच्या टोकाला माझा दादा होता. तो चौदाचा, मी अकराची. एका दुपारी तो वाकून गाठ मारत असतानाच चाक फिरलं. गळ्यातल्या रुमालाचं टोक दोरीबरोबर पिळलं गेलं. मुकादमाने चौकशी केली आणि ठरवलं की चाकवालीने उत्तराची वाटच पाहिली नाही. ती रडून रडून सांगत होती की उत्तर आलं, मी माझ्या कानांनी ऐकलं. पण वाकलेला पोरगा "हात मोकळे" म्हणेलच कसा? तिला कामावरून काढलं. बायका तिच्या वाऱ्याला उभ्या राहीनात. हिच्या हातून पोर गेलं, असंच लोक आजपर्यंत म्हणतात.

शेडमध्ये आता धूळ नाही, एका टोकावरून दुसरं टोक लख्ख दिसतं. तरी मी लांबच्या टोकाकडे पाहिलं नाही. वायरचे तीन गुंडाळे लागतील.

११ एप्रिल, शनिवार

बाईंनी चाकवालीला शोधून काढलं! शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत असते, कपड्यांना बटणं लावून पोट भरते. शेवटचा शनिवार तिचा करायचा म्हणे. मला बरोबर यायचा आग्रह केला. मी तीन कारणं सांगितली. तिन्ही बाईंनी हसून उडवली.

लहानपणी मी तिला चाकमावशी म्हणायचे. आईची जिवाची मैत्रीण होती, दोघींचा एका डब्यात हात असायचा. दादा गेल्यावर आई तिच्याशी एक शब्दही बोलली नाही. मावशी आता बाहत्तरची, सुईत दोरा माझ्यापेक्षा लवकर ओवते.

"तू तिची धाकटी ना?" मला बघताच म्हणाली. "आई बरी आहे?"

मी मान हलवली.

बाईंनी गाण्याचं विचारलं. मावशीने हातातलं बटण पुरं केलं, दोरा दाताने तोडला. "त्या दिवसापासून गायले नाही मी. पण गाईन. लांबच्या टोकाला माणूस मात्र हवा, उत्तर द्यायला. उगाच पोकळीत ओळ टाकायची नाही."

"तिथे कोण आता?" बाई म्हणाल्या. "त्यातलं कुणीच उरलं नाही ना?"

"म्हणूनच तर गायची नाही मी." मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाली, "तुला सांगते. लोक काय म्हणतात त्याची सवय झालीय मला. पण हल्ली माझं मलाच वाटायला लागलंय, उत्तर खरंच आलं होतं की मीच मनाने ऐकलं? ज्या बाईला आपल्या कानांचा भरवसा नाही तिने गायचं कसं? मरायच्या आधी एकदा कळायला हवं. आलं होतं की नव्हतं."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी सुई-दोऱ्याचा डबा सारखा करत बसले, वास्तविक तो सारखाच होता.

१८ एप्रिल, शनिवार

पहिला कार्यक्रम पार पडला. धोबिणींचं आधी कोणतं कडवं यावरून स्टेजवरच जुंपली, लोकांना तेच जास्त आवडलं. एक म्हातारा नावाडी दोन गाण्यांसाठी आला आणि माइकला घोरपडीसारखा चिकटला. शेवटी मी हळूच त्याचा आवाज कमी करत नेला. त्याला पत्ताही लागला नाही. आमच्या धंद्यातला हा सर्वांत मोठा अधिकार.

घरी शेजारीण येऊन बसली होती. "शेवटी म्हणे त्या पोरखाऊला गायला बसवणार?" आई उठली, मोरीत गेली आणि नळ सोडून बसली, शेजारीण जाईपर्यंत. तिचं हे नेहमीचंच आहे. चाकमावशीचं कुणी वाईट बोललं की आई तिथे थांबत नाही. दादाचा विषय तिला सोसत नाही, दुसरं काय.

२३ एप्रिल, गुरुवार

आज जे झालं ते लिहू की नको असं दोनदा झालं.

दुपारी मावशीला दोरखान्यात आणलं. गाणार नाही, नुसतं चाक बघते म्हणाली. चाकाला हात लावला आणि उभीच राहिली. बाईंनी मला खूण केली, म्हणजे रेकॉर्डिंग चालू कर. मी चाकाचा माइक सुरू केला आणि लांबच्या टोकाचा माइक तपासायला दोनशे पावलं चालत गेले. जाण्यावाचून इलाज नव्हता.

मावशीने ओळ म्हटली. एकदाच. आवाज पार घासलेला, पण सूर तोच. मग ती मान कलती करून थांबली, उत्तराला जेवढा वेळ लागतो बरोबर तेवढा. आणि मग खाली बसली. मी लांबच्या टोकाला माइकचा दांडा धरून उभी होते. शेडमध्ये चिमणीसुद्धा बोलत नव्हती.

संध्याकाळी वाचनालयात बाईंनी ते लावलं. मावशीची ओळ. मग शांतता. आणि त्या शांततेत, अगदी बारीक, कुणीतरी म्हणत होतं, "धरला गं बाई, हात माझे मोकळे..."

"ताई, हे कोण?" बाईंच्या अंगावर काटा आला होता. दादाचा आवाज. न फुटलेला, चौदा वर्षांचा, शेवटी थोडा वर चढणारा.

मी म्हटलं, वायरमध्ये गळती आहे, कुठल्यातरी रेडिओचं आत येतंय. बाईंना ते पटलं. मी नीट करून देते म्हणून घरी आणलं आणि पुसून टाकलं. मी लांबच्या माइकपाशी उभी होते. तिथे कुणी काही बोललं असतं तर मला नको होतं का ऐकू यायला?

२७ एप्रिल, सोमवार

चार दिवस डोळ्याला डोळा नाही. शनिवारचा दुसरा कार्यक्रम कसाबसा निभावला. माइकच्या पेटीजवळ जायचं म्हटलं तरी अंगावर येतं. काल एका बारशाचं काम नाकारलं, आजवर असं कधी केलं नव्हतं.

२ मे, शनिवार

तिसरा कार्यक्रम, विटा थापणाऱ्या बायकांचा. चांगला झाला असावा. लोक टाळ्या वाजवत होते.

संध्याकाळी घरी भांडी घासत होते. आई बाहेरच्या खोलीत होती, दार लोटलेलं, नळ चालू. हल्ली तिला काही विचारलं की "हँ?" करते, तीनदा सांगावं लागतं. आणि एकाएकी बाहेरून ओरडली, "बंद कर ते!"

"काय बंद करू?"

"गाणं! या घरात ते गाणं नको, किती वेळा सांगायचं?"

मी गातच नव्हते. पण हातातलं भांडं खाली ठेवल्यावर जाणवलं, घशाशी काहीतरी थरथरत होतं, आणि ते थांबल्यावर शेवटचा सूर थोडा वर चढलेला माझ्याच कानात राहिला.

सोयीची बहिरी आहे आई. दूध उतू गेलेलं ऐकू येत नाही आणि हे बरं ऐकू येतं.

७ मे, गुरुवार

आता ही वही वाचनालयात जायची नाही. बाईंना दुसरी लिहून देईन. ही माझी.

त्या रेकॉर्डिंगमध्ये दादा नव्हता. मी होते. भूत असतं तर परवडलं असतं.

त्या दिवशी मी दादाचा डबा घेऊन दोरखान्यात गेले होते. मध्यावर तागाच्या गासड्या रचलेल्या होत्या, त्यांवर चढले की लांबचं टोक धूसर दिसायचं. दादा वाकला होता. दोन्ही हात गाठीत आणि दातांत सुतळी धरलेली. मावशीने ओळ म्हटली. दादाला तोंड उघडता येईना. मावशीने दुसऱ्यांदा म्हटली. उशीर झाला की मुकादम दादाच्या पाठीत गुद्दा घालायचा, ते मी पाहिलेलं होतं. मला दादाची नक्कल हुबेहूब यायची. घरी आम्ही दोघं ओळखा पाहू खेळायचो, पाठ फिरवून आईला विचारायचो की आत्ता कोण बोललं. मला वाटलं, एवढं मीच म्हणून टाकते, त्याचं काम हलकं होईल. उत्तराचा अर्थ मला ठाऊक नव्हता असं नाही. पण अकराव्या वर्षी माणूस शब्द म्हणतो, अर्थ नाही म्हणत.

मी म्हटलं. चाक फिरलं.

पुढचं लिहीत नाही.

मी कुणालाच सांगितलं नाही. मावशीला चौघांत उभं करून विचारत होते तेव्हा मी आईच्या मागे होते, तिच्या पदरात तोंड घालून. लोक म्हणाले, भावासाठी रडतेय बिचारी.

१० मे, रविवार

काल चौथा कार्यक्रम झाला. चाकमावशी ऐकायला आली होती, मागे एकटीच बसली होती. तिच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या. शेडमध्ये लोक उभे होते, तरी त्या खुर्च्यांवर कुणी बसेना. मी समोरून तीन वेळा गेले. एकदाही बसले नाही.

लाज वाटते. शब्द साधा आहे पण दुसरा सापडत नाही.

१४ मे, गुरुवार

आईला सांगितलं.

दुपारी ताट वाढून तिच्यासमोर बसले आणि जीव मुठीत धरून म्हटलं, "आई, त्या दिवशीचं उत्तर मी दिलं होतं. दादाचा आवाज काढून." पुढचं सगळं सांगायचं होतं. पण आई खाली ताटाकडे बघत म्हणाली, "जेवून घे."

"आई, तू ऐकलंस का मी काय म्हणाले?"

"गार होतंय. जेवून घे."

ऐकूच गेलं नाही तिला. आता परत तेवढा धीर कुठून आणू? मी जेवले. आईनेही जेवण संपवलं, मग स्वतः उठून माझं ताट उचललं. गेल्या दहा वर्षांत उचललं नव्हतं.

१७ मे, रविवार

शिंप्याच्या दुकानामागे गेले. मावशी एका कोटाला बटणं लावत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. सगळं, गासड्या, सुतळी, दुसऱ्यांदा म्हटलेली ओळ. आजपर्यंत कुणाला एवढं सरळ काही सांगितलं नसेल.

मला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने तो कोट मांडीवर सारखा केला. मग म्हणाली, "दुसऱ्यांदा म्हटली होती मी. दोनदा म्हटली होती हे मीसुद्धा विसरले होते बघ." आणि हसली. हसता हसता तोंड वेडंवाकडं झालं आणि रडायला लागली. "आलं होतं. आलं होतं गं उत्तर. माझे कान धड होते."

मी पाया पडायला वाकले तर पाय मागे घेतले. "ते नको. त्याने काही व्हायचं नाही. माझ्या लग्नाची बोलणी मोडली, आईबाप खाली मान घालून मेले. ते तुझ्या नमस्काराने फिटतं का?" मग डोळे पुसून विचारलं, "तुझ्या आईला सांगितलंस?"

"सांगितलं. पण तिला ऐकू गेलं नाही."

"काय म्हणाली?"

"जेवून घे म्हणाली."

मावशीच्या हातातली सुई थांबली. "कुठे होती गं ती तेव्हा? त्या दुपारी?"

"ताग विंचरायला. गासड्यांच्या पलीकडे, फळ्यांच्या भिंतीमागे."

"म्हणजे तुझ्यापासून दहा पावलांवर," मावशी म्हणाली. मी एवढं सगळं सांगितलं तेव्हाही झाला नव्हता असा तिचा चेहरा झाला. "आणि मी तिला तिच्या दारात जाऊन विचारलं होतं. तू तरी ऐकलंस का गं, म्हणून. तिने दार लावून घेतलं."

मी म्हटलं, आईला खरंच कमी ऐकू येतं आता. मावशीने माझ्याकडे असं पाहिलं जसं मंद पोराकडे बघतात.

"शनिवारी गाईन," ती म्हणाली. "मला हे चार लोकांत हवंय. चार लोकांतच माझं नाव गेलं होतं. तू सांगशील?"

मी म्हटलं, कार्यक्रम होऊन जाऊ दे, मग सांगते. माझ्या तोंडून हेच निघालं. अशी मी.

"बरं. मग लांबच्या टोकाला तुझ्या आईला बसव. सांग, चाकवालीने बोलावलंय."

१९ मे, मंगळवार

आई येणार नाही अशी माझी खात्री होती. निरोप दिला तर एका झटक्यात ऐकू आला. ट्रंक उघडून ठेवणीतली साडी काढली आणि उन्हात टाकली. "शनिवारी किती वाजता?" एवढंच विचारलं.

मी म्हटलं, "आई, तिथे गावं लागेल. उत्तर द्यावं लागेल."

"माहितीये," आई म्हणाली.

२४ मे, रविवार

कालचं लिहिते.

शेड गच्च भरली होती. साडेसहाला ऊन तिरपं होऊन फळ्यांच्या फटींतून आत आलं, माणसांच्या पायांनी धूळ उडाली आणि लांबचं टोक धूसर झालं, पूर्वी व्हायचं तसं. चाकापाशी मावशी, तिच्यासमोर एक माइक. दोनशे पावलांवर खुर्चीत आई, तिच्यासमोर दुसरा. मध्यावर, जिथे गासड्या होत्या तिथेच, माझं टेबल, बटणं आणि घोषणेचा तिसरा माइक. जागा मी निवडली नव्हती. वायर तिथेच पुरत होती.

मावशीने ओळ म्हटली. "लांबच्या गड्या रे, दोर धरला का?" ती मान कलती करून थांबली. उत्तराला लागतो तेवढा वेळ गेला. त्याच्या दुप्पट गेला. लोक चुळबुळायला लागले. ग्रंथपाल बाई माझ्याकडे बघत हाताने विचारत होत्या, माइक बंद आहे का? चालू होता. आईचा श्वास ऐकू येत होता कर्ण्यांतून.

मावशीने दुसऱ्यांदा म्हटली.

मग आई बोलली. गायली नाही, बोलली. "उत्तर आलं होतं."

सगळी डोकी तिकडे वळली.

"त्या दिवशी. माझं पोर गेलं त्या दिवशी. मी भिंतीपलीकडे ताग विंचरत होते, मी ऐकलं. चाकवाली खरं बोलत होती. ती माझ्या दारात आली तेव्हा मी दार लावलं. माझं चुकलं. सगळ्यांसमोर सांगते, माझं चुकलं."

ऐकलं होतं. म्हणजे आई माझ्यापासून दहा पावलांवर होती आणि आपल्या दोन पोरांचे आवाज तिला वेगळे ओळखू येत होते. घरी खेळताना आम्ही तिला एकदाही फसवू शकलो नव्हतो. मावशीला हे एका वाक्यावरून कळलं आणि मला मात्र सेहेचाळीस वर्षं एका घरात राहून कळलं नव्हतं.

कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं आणि थांबलं. चाकाकडून मावशीचा आवाज आला, एकदम शांत. "उत्तर दिलं कुणी?"

आईने माइक जवळ ओढला. "माझ्या पोराने. थोरल्याने. घाई केली त्याने, हात निघायच्या आधीच म्हणून बसला. पोरसवदा होता. त्याचीच चूक."

लोक हळहळले. एक बाई म्हणाली, अरेरे, बिचारा. सगळं जमून गेलं होतं. मावशी सुटली होती, मी सुटले होते, आणि दादा काही म्हणायला येणार नव्हता. मावशीने लांबूनच माझ्याकडे पाहिलं. माझं बोट बटणावर होतं. दोन्ही माइक बंद करून रेकॉर्ड केलेलं एखादं गाणं लावलं असतं तर कार्यक्रम छान पुढे गेला असता.

मी तिसरा माइक उचलला. "दादाने नाही," मी म्हटलं. "मी दिलं होतं. त्याचा आवाज काढून." माझाच आवाज चारी कर्ण्यांतून अंगावर आला. मी इतकी वर्षं लोकांचे आवाज मोठे केले, स्वतःचा कधी ऐकला नव्हता.

मावशीने चाकावरचा हात काढला. "ऐकलंत?" तिने लोकांना विचारलं. "सगळ्यांनी ऐकलंत ना?" मग ती उठली आणि लोकांमधून चालत बाहेर गेली. तिला वाट द्यायला माणसं उठून उभी राहिली. गाणं झालं नाही. बाईंनी कार्यक्रम संपला म्हणून सांगितलं तेव्हा लोक घरी गेले, माझ्या टेबलाला वळसा घालून.

आईला धरून घरी आणत होते. बंद दुकानांच्या रांगेपाशी आल्यावर ती म्हणाली, "तुला गप्प राहता येत नव्हतं का? मी राहिलेच ना. तुझं लग्न व्हायचं होतं. तुला या लोकांत जगायचं होतं. तो तर गेलेलाच आहे, त्याच्या नावावर घातलं तर त्याचं काय जाणार होतं?"

"आई, त्याच्या दातांत सुतळी होती."

"हँ?"

मला वाटलं, आता परत ऐकू यायचं नाही. मी जोरात सांगितलं. "त्याच्या दातांत सुतळी होती. त्याला बोलता येत नव्हतं आणि मुकादम मारेल म्हणून त्याच्यासाठी मी म्हटलं."

आई थांबली. माझा हात सोडून एका दुकानाच्या पायरीवर बसली.

"मस्करी नव्हती?"

"नाही गं."

"मला वाटलं, तुम्ही दोघं खेळता तशी तू मस्करी केलीस," आई म्हणाली. "देवा. रोज सकाळी उठून तुला त्या मस्करीची माफी देत होते मी. काही दिवशी जमायचं. काही दिवशी नाही जमायचं गं."

मी तिच्याशेजारी पायरीवर बसले. घरी जायची दोघींनाही घाई नव्हती.